बीई बायोमेडिकल झालं, आता पुढे काय? हॉस्पिटल, कंपनी की सरळ आयटी

कासपठार | ९ मे, रात्री ११.१२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची, मुंबई विद्यापीठातून बीई बायोमेडिकल करतेय, शेवटच्या सेमची परीक्षा तोंडावर आलीय. हातात दोन गोष्टी आहेत. एक, आयटी कंपनीची ऑफर, वर्षाला ३ लाख ६० हजार, पण जॉइनिंग कधी ते सांगत नाहीत, "मेल येईल" एवढंच. दुसरी, नवी मुंबईतल्या ३०० बेडच्या हॉस्पिटलमधे ट्रेनी बायोमेडिकल इंजिनिअर, महिना १७ हजार, लगेच १ जुलैपासून. पप्पा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक आहेत, ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. घरचे काही बोलत नाहीत पण मला आकडे कळतात.

मला मशीन आवडतात हो. प्रोजेक्टला आम्ही ईसीजीचं सर्किट केलं होतं, पहिल्यांदा स्क्रीनवर स्वतःच्या हृदयाचे ठोके दिसले तेव्हा मी हॉस्टेलवर येऊन आईला फोन केला होता. पण वर्गातल्या ६० पैकी बहुतेक सगळे आयटीला चाललेत, सिनिअर म्हणतात या ब्रँचला स्कोपच नाही. नातेवाइकांना तर "म्हणजे डॉक्टर की इंजिनिअर" हेच कळत नाही, मामाला वाटतं हॉस्पिटलचा कचरा उचलण्याचं काहीतरी असतं कारण त्या पिवळ्या पिशव्यांवर बायोमेडिकल लिहिलेलं असतं.

या क्षेत्रात खरंच काम केलेलं कोणी असेल तर सांगा, पुढे नक्की काय काय होता येतं? आणि १७ हजारावर सुरुवात करणं हा वेडेपणा आहे का?

दोनदोरी | ९ मे, रात्री ११.५०

मी २०१४ ला बायोमेडिकल पास आऊट. हॉस्पिटलमधे दीड वर्ष काढलं, ९ हजारावर लागलो ते सोडताना साडेबारा हजार होते. मग टेस्टिंगचा कोर्स करून आयटीत आलो, आज घर आहे, गाडी आहे. मनाला लागेल पण स्पष्ट सांगतो, कर्ज असेल तर आधी पैसा बघ. आवड नंतर पण जपता येते, बँकेचा हप्ता थांबत नाही.

शिवडीकर | १० मे, सकाळी ७.०५

कासपठार, तुला एकेरीच म्हणतो, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी १९ वर्षं या लाइनला आहे, आधी ६ वर्षं फील्ड सर्व्हिस केली आणि आता मुंबईतल्या एका हॉस्पिटलचा बायोमेडिकल विभाग बघतो. दोनदोरी म्हणतायत ते खोटं नाही, सुरुवातीचा पगार कमीच आहे आणि त्याचा मला रागही आहे, कारण ज्या मशीनची किंमत कोटीत असते ती सांभाळणाऱ्या पोराला १७ हजार द्यायचे ही कुठली रीत. पण स्कोप नाही हे म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा आयसीयूत पाऊलच ठेवलेलं नसतं.

काम काय असतं ते सांगतो म्हणजे तुला ठरवता येईल. रात्री अडीचला आयसीयूतून सिस्टरचा फोन, सर व्हेंटिलेटर ओरडतोय, ऑक्सिजन कमी दाखवतोय. पहिला नियम, आधी पेशंट दुसऱ्या व्हेंटिलेटरवर घ्यायला सांगायचं, मशीन नंतर. मग जाऊन बघितलं तर आतला ऑक्सिजन सेल संपलेला. हा सेल म्हणजे एक प्रकारची बॅटरीच असते, मशीन वापरा न वापरा तो हळूहळू झिजतो. नवीन टाकला, कॅलिब्रेट केला, टेस्ट लंगवर, म्हणजे नकली फुप्फुसावर, तासभर चालवला, मगच परत दिला. हे पुस्तकात चार ओळीत असतं पण रात्री अडीचला डॉक्टर, सिस्टर आणि नातेवाईक तुझ्याकडे बघत असताना करायचं ते वेगळं.

दुसरी गोष्ट. आमच्या एका वॉर्डात रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन मॉनिटर आपोआप बंद होऊन चालू व्हायचे. कंपनीचा इंजिनिअर दोनदा येऊन बोर्ड बदलून गेला, फरक शून्य. शेवटी मी स्वतः साडेपाचला स्टूल घेऊन तिथे बसलो. सहाला हाऊसकीपिंगची मावशी आली आणि फरशी घासायचं मशीन यूपीएसच्या लाल सॉकेटमधे लावलं. मावशींची काही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तर हे निरीक्षण ही सुद्धा बायोमेडिकल इंजिनिअरिंगच आहे. पल्सऑक्सचं रीडिंग येत नाही म्हणून कॉल येतो आणि नव्या नवरीच्या बोटाला नेलपॉलिश असते, प्रोब बदलायची गरजच नसते, दुसरं बोट बघायचं.

बाकी रोजचं काम म्हणजे पीएम (ठरलेल्या मुदतीची देखभाल), कॅलिब्रेशनची स्टिकर, कॉटरी (करंटने कापणारं ऑपरेशनचं मशीन) आणि डीफिब (हृदयाला शॉक देणारं मशीन) ॲनालायझरवर चेक करणं, लीकेज करंट म्हणजे मशीनमधून गळणारा करंट मोजणं, ब्रेकडाऊन रजिस्टर, एनएबीएच या हॉस्पिटलच्या मानांकनाच्या ऑडिटला प्रत्येक मशीनची हिस्टरी फाइल तयार ठेवणं. आणि दोनतीन वर्षांनी जी ताकद येते ती खरेदीत. एएमसी घ्यायची की सीएमसी, म्हणजे नुसती मजुरी की पार्टसकट, एमआरआयच्या करारात कोल्डहेड (मॅग्नेट थंड ठेवणारा भाग) धरलाय की वगळलाय, सीटीची ट्यूब किती स्कॅनपर्यंत, हे ज्याला वाचता येतं त्याला मालक समोर खुर्ची देतो. मी एका करारातलं एक वाक्य बदलून घेतलं होतं आणि पुढच्याच वर्षी ट्यूब गेली, हॉस्पिटलचे काही लाख वाचले. तेव्हा माझा पगार पहिल्यांदा नीट वाढला.

१७ हजार हा वेडेपणा नाही, पण तिथेच चार वर्षं बसून राहिलीस तर तो वेडेपणा होईल.

भूलवाली | १० मे, दुपारी २.२०

मी ॲनेस्थेटिस्ट आहे. केस सुरू असताना माझं मशीन बिघडलं तर पहिला फोन बायोमेडिकलला जातो, आणि तो उचलणारा माणूस शांत आवाजात "मॅडम, आधी अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घ्या, मी दोन मिनिटात आलो" म्हणाला की माझा अर्धा ताण उतरतो. आमच्याकडचा मुलगा सोडून गेला तेव्हा सहा महिने आम्ही सगळ्यांनी ते भोगलं. कासपठार, हे काम कोणाला दिसत नाही हे खरं, पण ओटीतल्या लोकांना ते रोज दिसतं.

रानवाटा | १० मे, रात्री ९.३५

मुलगी म्हणून विचारतेयस हे तू लिहिलं नाहीस पण घरात तो विषय निघणारच, म्हणून मी लिहितेय. मी सोनोग्राफी मशीनची सर्व्हिस इंजिनिअर आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि खाली रत्नागिरीपर्यंत माझा एरिया. पहिली दोन वर्षं आई रोज विचारायची आज कुठे, किती वाजता परत. आता विचारत नाही, डबा देते.

फील्डचं सांगायचं तर शिकायला याच्यासारखी जागा नाही, कारण हॉस्पिटलमधे तू अनेक मशीन थोडी थोडी शिकतेस आणि कंपनीत एक मशीन आतड्यापर्यंत. ट्रेनिंग कंपनी देते, गाडीभत्ता मिळतो, पगार हॉस्पिटलपेक्षा बरा. पण टार्गेट असतं, सीएमसी रिन्यू करून आणायची जबाबदारी पण हळूच इंजिनिअरवर येते, आणि घाटात पाऊस सुरू असताना डॉक्टरांचे पेशंट बाहेर बसलेत म्हणून फोनवर फोन येतात ते ऐकून घ्यावं लागतं. पार्ट मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतो, पहाटे पाचला स्टँडवर जाऊन घ्यायचा.

सोनोग्राफीत कायदा पाठ पाहिजे. पीसीपीएनडीटी, गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा. नोंदणी नसलेल्या सेंटरला मशीन विकता येत नाही, मशीन एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तरी परवानगी लागते, सील केलेल्या मशीनला हात लावायचा नाही. मला एकदा एका ठिकाणी "मॅडम नुसतं बघून जा, कोणाला कळतंय" असं म्हणाले होते. मी बॅगच उघडली नाही, गाडीतून मॅनेजरला फोन केला आणि लेखी कळवलं. आपण मुलगी असून अशा मशीनच्या कामात आहोत तर हे अजून जास्त जपायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक्सरे, सीटीकडे गेलीस तर एईआरबीचे, म्हणजे किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय मंडळाचे नियम तसेच पाठ करावे लागतील.

आणि दुसरी वाट ॲप्लिकेशन स्पेशालिस्टची, म्हणजे मशीन लागल्यावर डॉक्टरांना आणि टेक्निशियनना ते वापरायला शिकवायचं. बोलायला आवडत असेल तर फार छान काम आहे. सेल्समधे पैसे सगळ्यात जास्त, पण ते मला जमलं नाही.

दोनदोरी | १० मे, रात्री १०.१५

रानवाटा, तुमचं वाचून बरं वाटलं. माझ्या वेळी असं सांगणारं कोणी नव्हतं, मी ज्या हॉस्पिटलला होतो तिथे सगळी मशीन कंपनीच उघडायची, आमचं काम फक्त कॉल लॉग करणं आणि सही घेणं. कासपठार, हे नक्की विचारून घे की तिथे विभागात किती लोक आहेत, स्वतःचे ॲनालायझर आहेत का, फर्स्ट लाइन रिपेअर, म्हणजे कंपनीला बोलवायच्या आधीची दुरुस्ती, तुम्ही करता की नुसता फोन लावता. माझी सगळी निराशा या एका प्रश्नात होती.

शिवडीकर | १० मे, रात्री १०.३१

दोनदोरी, लाख बोललात. हाच प्रश्न.

निळीशाई | ११ मे, सकाळी ११.०२

पुण्याहून लिहितेय. ज्या कामाबद्दल कॉलेजमधे कोणीच सांगत नाही ते मी करते, रेग्युलेटरी, म्हणजे उपकरणांच्या सरकारी परवान्यांचं काम. मी दोन वर्षं हॉस्पिटल केलं, मग एका छोट्या मेडिकल डिव्हाइस कंपनीत क्वालिटीला लागले आणि तिथून इकडे.

थोडी पार्श्वभूमी. पूर्वी आपल्याकडे मोजकीच उपकरणं कायद्याखाली होती. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ आले, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. मग फेब्रुवारी २०२० मधे अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली. लायसन्स टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, ए (त्यातली निर्जंतुक नसलेली, मोजमाप न करणारी साधी उपकरणं पुढे वगळली) आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून. ए म्हणजे सगळ्यात कमी धोका, डी म्हणजे सगळ्यात जास्त. डिजिटल थर्मामीटर बी मधे, व्हेंटिलेटर सी मधे, हृदयातला स्टेंट डी मधे. ए आणि बी चं उत्पादन लायसन्स राज्याकडे, सी आणि डी चं केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडे, आयात असेल तर वर्ग कुठलाही असो, केंद्रच.

यामुळे झालं काय की भिवंडीतला, वसईतला, भोसरीतला जो कारखानदार वर्षानुवर्षं नेब्युलायझर बनवत होता त्याला अचानक डिव्हाइस मास्टर फाइल (उपकरणाची सगळी तांत्रिक माहिती), रिस्क मॅनेजमेंट, आयएसओ १३४८५ हे गुणवत्तेचं मानक, हे सगळं करावं लागलं. आणि ते लिहिणारं माणूस मिळत नाही. फार्मसीवाले येतात, हुशार असतात, पण त्यांना लीकेज करंट म्हणजे काय, अलार्म का आणि कधी वाजला पाहिजे, सर्किटमधला एक भाग फेल झाला तर पेशंटचं काय होईल हे डोळ्यासमोर आणता येत नाही. ते बायोमेडिकलवाल्याला येतं, आणि ज्याने हॉस्पिटल बघितलंय त्याला जास्त येतं. मी रिस्क फाइल लिहिताना "वापरणारा चुकीचा कनेक्टर लावेल" असं लिहिते तेव्हा मला खरी नाईट ड्युटीची सिस्टर आठवते, जिच्याकडे आठ पेशंट होते. त्यामुळे माझी फाइल खरी होते.

युरोपात पण नवे नियम २६ मे २०२१ पासून लागू झाले, तिकडच्या कंपन्यांची बरीच कागदपत्रं पुण्यात आणि बेंगळुरूला लिहिली जातात. घरात बसून करता येतं, पगार अनुभवाप्रमाणे चांगला वाढतो. फक्त लिहायची, परत परत तपासायची चिकाटी पाहिजे. ज्याला हातात पाना पकडूनच समाधान मिळतं त्याने या वाटेला येऊ नये.

चिंचेखाली | ११ मे, दुपारी ४.४५

आर अँड डी बद्दल मी लिहितो. गेटमधे २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, त्याआधी आम्हाला इन्स्ट्रुमेंटेशन नाहीतर इलेक्ट्रॉनिक्समधून बसावं लागायचं. आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एमटेक आहे, आणि क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एक एमटेक आहे जे आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून चालवतात, त्यात हॉस्पिटलमधे राहून शिकायला मिळतं. श्री चित्राने केलेला हृदयाचा कृत्रिम व्हॉल्व्ह १९९० मधे पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला, बाहेरून येणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी स्वस्त. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपण कुठल्या ब्रँचला आहोत ते कळलं.

आपल्याकडे बेटिक आहे, आयआयटी मुंबईत २०१४ ला सुरू झालं, राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून, सोबत नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसून उपकरण बनवतात. स्टेथोस्कोपला जोडून आवाज मोठा करणारं आयु सिंक तिथूनच निघालं. त्यांची कॅम्प असतात, बघत राहा.

कंपन्यांचं म्हणशील तर चाकणला फिलिप्सचा कारखाना आहे, गोव्यात वेर्ण्याला सीमेन्सचा एक्सरेचा. पण डिझाइनची मोठी ऑफिसं बेंगळुरू, हैदराबादला, आणि तिथे नुसत्या बीई बायोमेडिकलला प्रवेश कठीण, एम्बेडेड सी किंवा सिग्नल प्रोसेसिंग पक्कं लागतं. आपला सिलॅबस सगळं थोडं थोडं शिकवतो, ही आपली खरी अडचण आहे. एक काहीतरी खोल कर.

गॉलवेकर | ११ मे, रात्री ११.३०

मी आयर्लंडमधे गॉलवेला आहे, मेडट्रॉनिक आणि बोस्टन सायंटिफिक या दोन्ही मेडिकल उपकरणांच्या कंपन्यांचे मोठे कारखाने या एका छोट्या गावात आहेत. मी इकडे मास्टर्स करून लागलो. मुलाखतीत माझ्या मार्कांवर एकही प्रश्न नव्हता, ठाण्यात हॉस्पिटलला असताना इन्फ्युजन पंपच्या तक्रारींचं जे रजिस्टर मी ठेवलं होतं त्यावर वीस मिनिटं बोलत होते. पण कर्ज डोक्यावर असताना लगेच दुसरं कर्ज काढून परदेशी येऊ नकोस, माझी पहिली दोन वर्षं त्यात फार वाईट गेली. आधी अनुभव घे.

वैनगंगा | १२ मे, सकाळी ६.५०

सरकारी बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मी विदर्भात सरकारी दवाखान्यांची मशीन बघतो, कंत्राटी आहे. केंद्राची बीएमएमपी, म्हणजे सरकारी दवाखान्यातली उपकरणं चालू ठेवायची योजना आहे, त्यात जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयातली ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू पाहिजेत असा दंडक आहे. कागदावर छान वाटतं, प्रत्यक्षात एका माणसामागे इतकी केंद्रं की दिवस रस्त्यावरच जातो. कायम जागा फार थोड्या, कंत्राट संपलं की पुन्हा धाकधूक. हे आधी सांगतो.

तरी मी सोडलं नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्या दिवसापासून मी कुठल्याही एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात गेलो की आधी वॉर्मर बघत नाही, आधी भिंत बघतो. एका बोर्डला किती प्लग, एक्स्टेंशन कुठून ओढलंय, वायर गरम लागतेय का, अर्थिंग आहे का, ऑक्सिजनची नळी कशाला लागून गेलीय. कुठे दिसलं तर तिथेच लिहून अधीक्षकांची सही घेतो. लोकांना वाटतं हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे. बाळाच्या चारही बाजूंनी मशीन आपण लावलीत तर मग ते आपलंच काम आहे. ताई, या कामाला चांगली माणसं पाहिजेत, एवढंच सांगायचं होतं.

कासपठार | १२ मे, रात्री १०.०८

वैनगंगा दादा, तुमची पोस्ट मी पप्पांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले गाडीचं पण तसंच असतं, ब्रेक लागला तर कोणी मेकॅनिकची आठवण काढत नाही.

दोनदोरी दादांनी सांगितलं तसं हॉस्पिटलला फोन करून विचारलं. विभागात पाच जण आहेत, डीफिब, कॉटरी आणि व्हेंटिलेटरचे ॲनालायझर स्वतःचे आहेत, फर्स्ट लाइन तेच करतात. पण एक गोष्ट, दोन वर्षांचा बाँड आहे आणि मूळ मार्कशीट जमा करा म्हणाले. हे बरोबर आहे का?

शिवडीकर | १२ मे, रात्री १०.४०

मूळ कागद कोणालाच द्यायचे नाहीत. दाखव, झेरॉक्स दे, पडताळून घ्या म्हण. बाँडच्या बाबतीत नम्रपणे एक वर्ष करून माग आणि त्या बदल्यात एखादं कंपनी ट्रेनिंग लिहून घे. आणि सहा महिन्यांनी पगार किती, हे ऑफर लेटरमधे पाहिजे, तोंडी नको.

दोनदोरी | १२ मे, रात्री ११.१५

कर्जाचं गणित पण कर. हप्ता शिक्षण संपल्यावर लगेच सुरू होत नाही, काही महिन्यांची मुदत असते, तुझ्या मंजुरीपत्रात किती आहे ते बघ. तेवढ्यात पगार वाढला नाही तर आयटीचा दरवाजा काही बंद होत नाही. मी पण उशिराच आलो होतो. नवी मुंबईत राहायचा खर्च मात्र धरून चाल, १७ हजारात रूम शेअर केल्याशिवाय भागणार नाही.

निळीशाई | १३ मे, सकाळी ९.२०

पहिल्या दिवसापासून एक वही कर. प्रत्येक ब्रेकडाऊन, मशीन कुठलं, काय तक्रार, खरं कारण काय निघालं, कोण वापरत होतं. पेशंटचं नाव कधीच लिहू नकोस. दोन वर्षांनी ही वहीच तुझा बायोडेटा.

कासपठार | १९ जुलै, रात्री १०.५५

धागा वर काढतेय. बाँड एक वर्षाचा झाला, मूळ कागद नाही घेतले, सहा महिन्यांनी २१ हजार असं लेटरमधे लिहून दिलंय. १ जुलैला जॉइन झाले, वाशीला तिघींनी मिळून रूम घेतलीय. आयटीचा मेल अजून आलेला नाही.

पहिले दोन आठवडे फक्त मशीनची यादी केली, ८४० निघाली, त्यातली ३१ यादीत होती पण जागेवर नव्हती, त्यातली २६ सापडली. काल पहिल्यांदा एकटीने डीफिब चेक केलं, २०० जूल सेट केले की ॲनालायझरवर किती येतात ते बघताना हात थरथरत होते पण रीडिंग मर्यादेत आलं. वही सुरू केलीय निळीशाई ताई, ११ पानं झाली.

आता अडचण. स्टोअरमधे चार जुने सिरिंज पंप पडून आहेत, कंपनीने सपोर्ट बंद केलाय, सर म्हणतात कन्डेम, म्हणजे भंगारात काढायच्या आधी तू बघ. तीन चालू झाले. चौथा ऑन होतो, सिरिंजचा साइज ओळखतो, पण चालू केल्यावर दहा सेकंदात ऑक्लुजन (लाइन तुंबल्याचा) अलार्म देतो, लाइन मोकळी असली तरी. सर्व्हिस मॅन्युअल नाही. कुठून सुरुवात करू?

शिवडीकर | १९ जुलै, रात्री ११.१०

मागच्या स्टिकरचा फोटो टाक, मॉडेल आणि सिरिअल नंबर दिसला पाहिजे. तोपर्यंत सिरिंज न लावता पुशर हाताने सरकवून बघ, कुठे अडकतोय का. पूर्वी औषध सांडून आत साखरेसारखं वाळलेलं असतं, लीड स्क्रू आधी साफ कर, मग फोर्स सेन्सरकडे जा. आणि चालू झालेले तीन पण लगेच वॉर्डात देऊ नकोस, फ्लो तासभर मोजून लिहून ठेव, मगच सरांना दाखव.